यादी आणि पारख : एजंटांच्या साधनांची सहा दशके

एजंट म्हणजे सोपवलेले काम तडीस नेण्यासाठी पुढचे पाऊल कोणते हे स्वतः ठरवणारा संगणकीय प्रोग्रॅम. आजच्या एजंटच्या केंद्रस्थानी भाषा-मॉडेल असते, पण मॉडेलला एकट्याने फक्त मजकूर लिहिता येतो. नोंदी वाचणे, हिशेब करणे, ई-मेल पाठवणे, फाइल बदलणे ही कामे त्याला जोडून दिलेली साधने, म्हणजे टूल्स, करतात. कामाची पावले कोणती, त्यांचा क्रम कसा, कोणत्या पावलाला कोणते साधन लागते आणि एका पावलाचे फलित पुढच्याच्या हाती कसे पडते, या सगळ्या मांडणीला वर्कफ्लो म्हणतात. वर्कफ्लो उभारणाऱ्यापुढे दोन प्रश्न असतात. हवे ते साधन कुठे सापडेल, आणि सापडलेल्यांपैकी कोणते घ्यावे?

हे दोन्ही प्रश्न एजंटांहून जुने आहेत. गेल्या साठ वर्षांत साधनांच्या याद्या अनेकदा तयार झाल्या. ज्या याद्या प्रत्यक्ष वापराशी आणि चाचणीशी बांधलेल्या होत्या त्या दीर्घकाळ उपयोगी पडल्या. ज्यांनी केवळ नोंदी जमवल्या त्या ओस पडल्या. आज एजंटसाठी साधने निवडणाऱ्याला हा इतिहास थेट कामाचा आहे.

रबरी नळ्या आणि दोषांचा रकाना

११ ऑक्टोबर १९६४ रोजी अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत डग्लस मॅकिलरॉय यांनी एक टिपण लिहिले. बागेला पाणी घालण्याच्या रबरी नळ्या जशा एकमेकींना जोडता येतात, तसे प्रोग्रॅमही एकमेकांना जोडता यावेत, अशी त्यांची मागणी होती. ती पुरी व्हायला नऊ वर्षे लागली. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्स प्रणालीत ‘पाइप’ची सोय केली. दोन आज्ञांच्या मध्ये एक उभी रेघ मारली की पहिल्या प्रोग्रॅमने बाहेर टाकलेला मजकूर दुसऱ्याला मिळू लागला. एकाने शब्द वेगळे करायचे, दुसऱ्याने ते अकारविल्हे लावायचे, तिसऱ्याने मोजायचे, अशी साखळी एका ओळीत तयार होऊ लागली.

पाइपचे यश एका करारावर उभे होते. प्रत्येक साधन साधा मजकूर घेईल आणि साधा मजकूरच देईल. त्यामुळे एकमेकांची ओळख नसलेल्या दोन लेखकांचे प्रोग्रॅमही जुळत. १९७६ मध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी त्याच संस्थेत ‘मेक’ लिहिले. कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे हे लिहून दिले की क्रम ‘मेक’ स्वतः लावत असे आणि बदल झालेला भागच पुन्हा तयार करत असे. आजच्या वर्कफ्लोची ही मूळ रूपे होत.

साधने शोधण्यासाठी युनिक्सची पुस्तिका होती. तिची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ ची आहे. प्रत्येक आज्ञेला एक नोंद, आणि त्या नोंदीत नाव, वापरण्याची रीत, काम आणि शेवटी दोषांचा रकाना. साधन ज्याने लिहिले त्यानेच ते कुठे अडते हे तिथे लिहून ठेवायचे, असा तो शिरस्ता होता. वापरणाऱ्याला पारख करायला लागणारी पहिली माहिती त्यामुळे साधनाबरोबरच मिळत असे. साधने थोडी होती आणि त्यांचे कर्ते एकाच इमारतीत बसत होते, म्हणून ही व्यवस्था पुरेशी ठरली.

यंत्राला कळेल असे वर्णन

साधनाचे वर्णन माणसाने वाचायचे, हा युनिक्सचा मार्ग होता. ते यंत्राला वाचता यावे, हा प्रयत्न त्याच काळात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळांत चालला होता. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये १९६६ ते १९७२ या काळात ‘शेकी’ नावाचा चाकांवर फिरणारा रोबो घडवला गेला. त्याच्यासाठी रिचर्ड फाइक्स आणि निल्स निल्सन यांनी १९७१ मध्ये ‘स्ट्रिप्स’ ही नियोजनपद्धती मांडली. तिच्यात प्रत्येक कृतीचे वर्णन ठरावीक साच्यात असे. कृती करण्याआधी काय खरे असले पाहिजे, आणि ती झाल्यावर काय नव्याने खरे होते व काय खोटे ठरते. पेटी ढकलायची तर रोबो पेटीजवळ हवा. ढकलल्यावर पेटी नव्या जागी असते, जुन्या जागी नसते. अशी वर्णने जोडत जोडत यंत्र ध्येयापर्यंतचा मार्ग काढत असे. साधनाचे नाव, त्याला लागणारे इनपुट आणि त्याचा परिणाम हा आजच्या एजंटांना दिला जाणारा साचा त्याच जातीचा आहे.

१९८० मध्ये रीड स्मिथ यांनी ‘काँट्रॅक्ट नेट’ ही पद्धत प्रसिद्ध केली. एका संगणकाने काम जाहीर करायचे, इतरांनी आपापली कुवत सांगून बोली लावायची आणि योग्य बोलीला काम द्यायचे. सरकारी निविदेची रीत यंत्रांमध्ये आणण्याचा हा प्रयत्न होता. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘फिपा’ या संस्थेने एजंटांसाठी मानके ठरवली आणि त्यांत सेवांची एक निर्देशिकाही घातली. एजंटने आपली सेवा तिथे नोंदवायची, दुसऱ्याने तिथे शोधायची. टेलिफोनच्या पिवळ्या पानांची ही यंत्रांसाठीची आवृत्ती होती. मानके काटेकोर होती, पण एक मोठी अडचण राहिली. दोन एजंटांनी एकच शब्द एकाच अर्थाने वापरायला हवा होता, आणि प्रत्येक क्षेत्रासाठी अर्थांचा असा काटेकोर कोश आधी हाताने घडवावा लागे. त्या कष्टामुळे ही निर्देशिका संशोधनाच्या वर्तुळाबाहेर फारशी रुजली नाही.

दोन याद्यांची गोष्ट

इंटरनेट पसरल्यावर साधनांची संख्या माणसाच्या आटोक्याबाहेर गेली. त्या काळातल्या दोन याद्यांची तुलना उद्बोधक आहे.

पहिली यादी ‘सीपॅन’. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये आणलेल्या पर्ल या भाषेसाठी लोकांनी लिहिलेली मॉड्यूल्स एका जागी ठेवणारे हे भांडार ऑक्टोबर १९९५ मध्ये खुले झाले. येथे नोंद आणि साधन एकत्र असत. सापडलेले मॉड्यूल एका आज्ञेने आपल्या संगणकावर बसवता येत असे. मॉड्यूलबरोबर त्याच्या चाचण्याही देण्याचा प्रघात पडला आणि बसवताना त्या चाचण्या आपोआप चालत. १९९८ पासून ‘सीपॅन टेस्टर्स’ हा स्वयंसेवकांचा उपक्रम सुरू झाला. नवे मॉड्यूल आले की निरनिराळ्या यंत्रांवर आणि पर्लच्या निरनिराळ्या आवृत्त्यांवर ते चालवून पाहायचे आणि उत्तीर्ण की अनुत्तीर्ण हे जाहीर करायचे. निवडणाऱ्याच्या हाती त्यामुळे कर्त्याच्या दाव्याबरोबर परक्या हातांनी घेतलेली परीक्षाही आली. पर्लची लोकप्रियता ओसरल्यावरही हे भांडार चालू राहिले.

दुसरी यादी ‘यूडीडीआय’. सप्टेंबर २००० मध्ये अरिबा, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी ती जाहीर केली. इंटरनेटवर उपलब्ध असणाऱ्या सर्व व्यावसायिक सेवांची जागतिक नोंदवही, असा तिचा आवाका होता. पांढऱ्या पानांत कंपनीचे नाव-पत्ता, पिवळ्या पानांत व्यवसायाचा प्रकार आणि हिरव्या पानांत सेवेशी जोडणी करण्याचा तांत्रिक तपशील. पुढे प्रोग्रॅम स्वतःच नोंदवही चाळतील, योग्य सेवा हेरतील आणि तिच्याशी जोडून घेतील, अशी अपेक्षा होती. ती फळाला आली नाही. नोंद करणे सोपे होते, पण ती खरी आहे का, सेवा चालू आहे का, भरवशाची आहे का, हे पाहणारे कुणी नव्हते. अनोळखी पुरवठादाराशी व्यवहार केवळ नोंदवहीच्या भरवशावर कुणी करत नाही. तिथे करार, हमी आणि ओळख लागते. जानेवारी २००६ मध्ये आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि एसएपी यांनी आपल्याकडची सार्वजनिक नोंदवही बंद केली. एवढ्या मोठ्या कंपन्यांचे पाठबळ असलेली यादी पाच-सहा वर्षांत मिटली.

२००५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोग्रॅमेबलवेब’ने हेच काम माणसांकरवी केले. संपादक एपीआयची, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे काम मागण्याच्या दारांची, वर्गवार नोंद ठेवत आणि त्यांविषयी लिहीत. ही यादी वीस हजारांपलीकडे गेली. २०२३ च्या आरंभी तीही बंद झाली.

सीपॅनच्या वाटेने गेलेले सर्वांत मोठे भांडार म्हणजे जावास्क्रिप्टसाठीचे एनपीएम, २०१० चे. त्याने सोय खूप वाढवली आणि नवा धोकाही दाखवून दिला. २२ मार्च २०१६ रोजी एका लेखकाने वादातून आपली पॅकेजेस काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अवघ्या ११ ओळींचे एक पॅकेज होते. त्यावर थेट किंवा आडमार्गाने अवलंबून असलेले असंख्य प्रकल्प त्या दिवशी अडले. एनपीएमने ते काही तासांत परत ठेवले आणि पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक केले. निवडलेले साधन स्वतः आणखी कशावर उभे आहे, हा प्रश्न त्या दिवसापासून निवडीच्या कसोट्यांत आला.

चौकटी आणि रेघा

प्रोग्रॅम लिहू न शकणाऱ्यांसाठी वर्कफ्लोची वाट फेब्रुवारी २००७ मध्ये ‘याहू पाइप्स’ने उघडली. पडद्यावर चौकटी मांडायच्या, त्यांना रेघांनी जोडायचे, आणि वेगवेगळ्या संकेतस्थळांवरची माहिती गाळून एकत्र करायची. नाव अर्थातच युनिक्सवरून घेतलेले होते. ३० सप्टेंबर २०१५ रोजी ही सेवा बंद झाली. तिच्यावर रचलेले वर्कफ्लो लोकांच्या हाती नव्हते, कंपनीच्या यंत्रावर होते. सेवा गेली तशी रचनाही गेली.

हा धागा पुढे ‘इफ्ट’ आणि ‘झेपियर’ यांनी उचलला. अमुक घडले की तमुक करा, अशा नियमांनी त्यांनी शेकडो सेवा जोडल्या. जर्मनीतून २०१९ मध्ये आलेले ‘एनएटएन’ आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते. याहू पाइप्सच्या अनुभवानंतर ही सोय महत्त्वाची ठरली. मोठ्या प्रमाणावरील माहिती हाताळण्यासाठी एअरबीएनबी कंपनीत २०१४ मध्ये ‘एअरफ्लो’ तयार झाले. तिथे कामांचा आलेख पायथॉन भाषेत लिहितात आणि अडलेले काम पुन्हा चालवण्याची व नोंदी ठेवण्याची सोय मिळते. या सर्वांत एक गोष्ट समान होती. कोणत्या वेळी कोणते साधन वापरायचे हे माणूस आधी ठरवत असे. यंत्र ठरलेल्या वाटेने जात असे.

मॉडेलच्या हाती साधने

ही निवड भाषा-मॉडेलकडे गेली ती २०२१ नंतर. डिसेंबर २०२१ मध्ये ओपनएआयने ‘वेबजीपीटी’चे संशोधन प्रसिद्ध केले. त्यात मॉडेलला मजकुरी ब्राउझर दिला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठ आणि गूगलमधील संशोधकांनी ‘रिअ‍ॅक्ट’ पद्धत मांडली. मॉडेलने आधी विचार लिहायचा, मग कृती करायची, तिचे फलित पाहायचे आणि पुन्हा विचार करायचा. विकिपीडियावर उत्तरे शोधण्याच्या प्रयोगात मॉडेलपुढे फक्त तीन कृती होत्या. लेख शोधणे, लेखात शब्द शोधणे आणि उत्तर देऊन थांबणे. फेब्रुवारी २०२३ मध्ये मेटाच्या ‘टूलफॉर्मर’ने गणकयंत्र, दिनदर्शिका, शोध, भाषांतर आणि प्रश्नोत्तर ही पाच प्रकारची साधने केव्हा वापरायची हे मॉडेलला शिकवले.

प्रयोगशाळेतून बाजारात येण्याचा वेग मोठा होता. मॉडेल आणि साधने यांची साखळी जुळवून देणारे हॅरिसन चेस यांचे ‘लँगचेन’ ऑक्टोबर २०२२ मध्ये आले. मार्च २०२३ मध्ये चॅटजीपीटीला प्लगइन, म्हणजे बाहेरच्या सेवांशी जोडणारी साधने, मिळाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ‘ऑटोजीपीटी’ने संपूर्ण काम एजंटवर सोपवण्याची कल्पना घरोघर नेली. जून २०२३ मध्ये ओपनएआयच्या एपीआयमध्ये ‘फंक्शन कॉलिंग’ आले. साधनाचे नाव, वर्णन आणि इनपुटचा साचा दिला की मॉडेल त्याच साच्यात मागणी लिहून देऊ लागले. प्लगइनची व्यवस्था मात्र एप्रिल २०२४ मध्ये गुंडाळली गेली. त्या आधारावर उभारणी केलेल्यांना पुन्हा नव्याने सुरुवात करावी लागली.

साधने वाढली तसा शोधण्याचा प्रश्न मॉडेलपुढेही उभा राहिला. मे २०२३ मध्ये बर्कली येथील ‘गोरिला’ संशोधनाने दाखवले की मॉडेले अस्तित्वात नसलेल्या एपीआयची नावे बिनदिक्कत रचतात, आणि शोधून काढलेली पुस्तिका समोर ठेवली तर ही चूक कमी होते. जुलै २०२३ मध्ये चीनमधील संशोधकांनी ‘टूलबेंच’ या संचात १६,४६४ एपीआय गोळा केले. इतक्या साधनांची वर्णने एका वेळी मॉडेलपुढे ठेवणे अशक्य होते. म्हणून आधी एका शोधकाने मोजकी साधने निवडायची आणि मग मॉडेलने त्यांतून घ्यायचे, अशी दोन टप्प्यांची रीत त्यांनी वापरली. तीच रीत पुढे अनेकांनी घेतली.

समान साचा आणि पुन्हा नोंदवही

२०२४ पर्यंत प्रत्येक एजंटला प्रत्येक साधन वेगळे जोडावे लागत होते. पाच एजंट आणि वीस साधने असतील तर शंभर जोडण्या. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी अँथ्रॉपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ म्हणजे एमसीपी हे खुले मानक प्रसिद्ध केले. साधनाने एमसीपीचा साचा एकदा पाळायचा, एजंटने एकदा पाळायचा. शंभराच्या जागी पंचवीस जोडण्या पुरतात. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रोग्रॅमिंग भाषा आणि एडिटर यांच्यात असाच समान साचा आणला होता, त्यावरून ही कल्पना घेतली होती. पाइपने साध्या मजकुराचा जो करार १९७३ मध्ये घडवला, त्याचेच हे नव्या काळातले रूप. २०२५ च्या वसंतात ओपनएआय आणि गूगल यांनीही एमसीपी स्वीकारले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेले. एप्रिल २०२५ मध्ये गूगलने एजंटांनी एकमेकांना आपली कुवत सांगण्यासाठी ‘एटूए’ हे मानक आणले. फिपाची जुनी निर्देशिका आणि स्मिथ यांची निविदा यांची आठवण त्यातून जागी होते. फरक एवढाच की आता वर्णन साध्या भाषेत असले तरी मॉडेलला ते समजते. अर्थांचा कोश हाताने घडवावा लागत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये एमसीपी साधनांची अधिकृत नोंदवही प्राथमिक रूपात सुरू झाली. नोंदवलेले नाव खरोखर ज्याचे आहे त्यानेच नोंदवले का, हे ती तपासते. साधनाची गुणवत्ता आणि सुरक्षितता पारखण्याचे काम मात्र ती इतरांवर सोपवते.

ही पारख किती निकडीची आहे हे त्याच वर्षी दिसले. मॉडेल साधनाचे वर्णन वाचते आणि त्यानुसार वागते. त्यामुळे वर्णनातच लपवलेली सूचना मॉडेलला भलतीकडे नेऊ शकते. ‘इन्व्हेरियंट लॅब्ज’ने एप्रिल २०२५ मध्ये हा धोका प्रयोगाने दाखवला. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएमवरील एक एमसीपी पॅकेज घातक निघाले. एका परिचित ई-मेल सेवेच्या नावाचा त्याने आधार घेतला होता. त्याच्या पहिल्या पंधरा आवृत्त्या निर्दोष होत्या. सोळाव्या आवृत्तीत एक ओळ वाढली, आणि एजंटने पाठवलेल्या प्रत्येक ई-मेलची प्रत गुपचूप तिसऱ्याकडे जाऊ लागली. आज चांगले असलेले साधन उद्याही चांगले राहील, याची हमी यादी देत नाही.

निवडीच्या कसोट्या

या इतिहासातून निवडीच्या काही ठोस कसोट्या तयार झाल्या आहेत.

पहिली कसोटी कामाची. डिसेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने प्रसिद्ध केलेल्या एका लेखात वर्कफ्लो आणि एजंट यांत फरक केला आहे. पावले आधी ठरलेली असतील तर तो वर्कफ्लो, मॉडेल पावले ठरवत असेल तर तो एजंट. सर्वांत साध्या रचनेपासून सुरुवात करावी आणि गरज सिद्ध झाली तरच गुंतागुंत वाढवावी, असा त्याचा सल्ला आहे. अनेक कामांना एअरफ्लोसारखी ठरलेली वाट पुरते.

दुसरी कसोटी वर्णनाची. साधन काय घेते, काय देते, चुकल्यावर काय सांगते हे स्पष्ट लिहिलेले असावे. माणसाला जे वर्णन वाचून साधन कळत नाही, ते मॉडेललाही कळणार नाही. साधनांची संख्याही मोजकीच असावी, कारण प्रत्येक वर्णन मॉडेलचे लक्ष खाते आणि सारखी दिसणारी साधने त्याला गोंधळात टाकतात.

तिसरी कसोटी अधिकारांची. प्रोग्रॅमर सायमन विलिसन यांनी जून २०२५ मध्ये तीन गोष्टींचे एकत्र येणे सर्वांत घातक असल्याचे मांडले. खासगी माहिती वाचण्याची मुभा, बाहेरच्या अविश्वसनीय मजकुराशी संपर्क आणि बाहेर माहिती पाठवण्याचा मार्ग. तिन्ही एकाच एजंटच्या हाती देऊ नयेत. उदाहरणार्थ, दुकानाच्या एजंटला मागणीची स्थिती वाचू द्यावी. पैसे परत करण्याचे साधन मात्र माणसाच्या मंजुरीनेच चालावे.

चौथी कसोटी सातत्याची. जून २०२४ मध्ये सिएरा कंपनीच्या संशोधकांनी ‘टाउ-बेंच’ या चाचणीत एजंटांना दुकान आणि विमानसेवेतील ग्राहकांची कामे दिली. त्या वेळच्या अग्रगण्य मॉडेललाही निम्म्याहून कमी कामे जमली. दुकानाच्या कामांत तेच काम सलग आठही वेळा बरोबर करण्याचे प्रमाण २५ टक्क्यांहून कमी निघाले. म्हणून साधन आणि एजंट यांची जोडी आपल्याच कामांवर, एकच काम अनेकदा देऊन, तपासली पाहिजे.

पाचवी कसोटी टिकाऊपणाची. साधनाची देखभाल कोण करते, परवाना कोणता, ते आणखी कशावर अवलंबून आहे, आणि सेवा बंद पडली तर आपली रचना आपल्याकडे राहते का, हे आधीच पाहावे. वापरात असलेली आवृत्ती निश्चित करून ठेवावी आणि बदल वाचल्याशिवाय नवी घेऊ नये.

१९७१ च्या पुस्तिकेतील दोषांचा रकाना आणि १९९८ चे सीपॅन टेस्टर्स यांनी जे काम केले, ते एजंटांच्या साधनांसाठी अजून पुरेसे उभे राहिलेले नाही. तोवर ती जबाबदारी निवडणाऱ्याची आहे. साधन यादीतून शोधावे, पण वर्कफ्लोत घ्यावे ते स्वतः तपासूनच.